सुटीत लिहिणं होत नाही

पुढे बोलणाऱ्या दोघी म्हणजे कुणी ठरावीक दोन बायका नव्हेत. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागातल्या फौजी घरांत जे बोललं जातं ते मी दोघींच्या तोंडी वाटून दिलं आहे. धाकटी पस्तिशीच्या आतबाहेरची. नवरा लष्करात नाईक, सध्या फील्डला. खेड्यावरची शेती सासरे बघतात. ही दोन मुलांच्या शाळेसाठी वाशीमला लाखाळ्यात दोन खोल्या घेऊन राहते आणि कथा लिहिते. काही ‘प्रतिलिपी’ ॲपवर टाकल्या, दोन-तीन दिवाळी अंकांतही आल्या. काकू तिच्या घरमालकीण. त्यांचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले, म्हणजे हे सगळं काकूंचं तिच्या आधी भोगून झालेलं.

वादाचं कारण एक लेख. एका मासिकाने ऑगस्टच्या अंकासाठी धाकटीकडे सैनिकपत्नीचं मनोगत मागितलं. वाट पाहणं, अभिमान, डोळ्यांतलं पाणी अशी अपेक्षा असावी. तिने लिहिलं ते असं, की नवरा सुटीवर आला की आपलं लिखाण बंद पडतं, तो परत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री पुन्हा सुरू होतं, आणि त्या रात्रीची आपण वाटही पाहत असतो. कच्चा मजकूर तिने काकूंना वाचायला दिला. का दिला, हे तिलाच ठाऊक.

काकू : वाचलं म्या. आता मले सांग, हे छापाले द्यायचं हाय का तुले खरंच?

धाकटी : द्यायचं म्हणूनच लिहिलं ना, काकू.

काकू : वर्षभर पोट्टे बापाचं तोंड पाहाले तरसतात. तो माणूस दोन दिवसाचा प्रवास करून अकोल्याले उतरते, तिथून गाडी धरून घरी येते. अन् तू लिहिते का तो आला की माझं काम अडते. म्हंजे त्यानं येऊच नाई का?

धाकटी : असं एक अक्षर तरी आहे का त्यात? ते यायचे असले की आठ दिवस आधीपासून पोरांआधी मीच नाचते. पण घरात ते असले की रात्र माझी राहत नाही, हेही खरंच आहे. एरवी साडेनवाला मुलं झोपतात. साडेबारापर्यंत मी आणि वही. ते आले की जेवणं अकराला. पाहुणे. मग गावी जाऊन येणं. वर्षभर तुंबलेलं सगळं त्या दिवसांत, बँकेचं केवायसी, आधारवरची चुकलेली जन्मतारीख, बाबांचा मोतीबिंदू, भावकीतली लग्नं, बांधाची भांडणं. त्यात मी ‘जरा लिहायला बसते’ म्हणू कुणाला?

काकू : नाईच म्हणायचं. तो गेल्यावर बसायचं. कोण अडवते?

धाकटी : मी तेच लिहिलंय, काकू.

लष्करात जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. कागदावर हे तीन महिने. हाती येते ती तुकड्यातुकड्यांनी, युनिटला सवड होईल तशी. दिवाळीला मिळेलच असं नाही, पेरणीला तर नाहीच. इकडे मराठी लेखकाचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं आणि संपादक मजकूर मागतात तो जून ते ऑगस्ट. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. सोयाबीनची पेरणी, निंदण, डवरणी त्याच दिवसांत. म्हणजे गणवेश, मजुरांचे पैसे आणि कथेची मुदत एकाच आठवड्यात दारात उभी राहतात. त्यातच नवऱ्याला सुटी मंजूर झाली तर आनंदाला पारावार नसतो आणि कथा पुढल्या वर्षावर जाते. विरहाबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, की भेटीचाही काही हिशेब असतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

खरं तर वाशीमला विरहाचा हा विषय जुना आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. त्या शाखेचा राजा सर्वसेन महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहून गेला. आज ते अखंड मिळत नाही. त्याच प्राकृतातली हाल राजाची गाथासप्तशती स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठी वाचकांपुढे ठेवली. तिच्यात परगावी गेलेल्या माणसाची बायको जागोजागी भेटते. दिवस मोजणारी, पहिला ढग पाहून धास्तावणारी. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर काही गाथा आहेत, पण बहुतेक पुरुषांच्या. नवरा नसताना या बाईच्या हाती थोडा वेळ उरतो आणि त्या वेळात तिला स्वतःचं काही करावंसं वाटतं, हे मला तरी तिथे दिसलं नाही. (चोरटं प्रेम सोडून. ते भरपूर आहे.) धाकटीचा लेख मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी. काकूंना तो का पटत नाही, तेही मात्र नीट ऐकण्यासारखं आहे.

काकू : तुझं मन मोकळं झालं, ठीक हाय. पण थे मासिक त्याच्या युनिटमधे कोणीतरी वाचीन. मोबाइलवर फोटो येते आजकाल. लंगरात बसून पोट्टे हसतीन त्याले, का बाबा, तू घरी गेला का वहिनीले अडचण होते. त्यानं कोणाकोणाले समजावत बसायचं?

धाकटी : हसतात आताही. मागच्या कथेतला नवरा घोरतो, तर यांना तिथून फोन, ‘ते माझ्यावर आहे का?’ मी म्हटलं, तुम्ही घोरता हे तुम्हाला कुणी सांगितलं?

काकू : हसण्यावारी नको नेऊ. फौजी घरातलं सगळं सांगायचं नसते, हे आमाले पहिल्यांदा शिकवलं. कुठं हाय, किती माणसं हाय, कधी हालणार हाय, कायबी नाई.

धाकटी : ते मी पाळतेच. युनिट नाही, जागा नाही, पोस्टिंगची तारीख नाही. हवामानसुद्धा बदलते. ते बर्फात असले की माझ्या कथेत वाळवंट.

काकू : म्हंजे खोटं लिहिते.

धाकटी : कथा आहे ती, काकू!

काकू : मंग घोरणं तेवढं खरं काऊन लिहिलं?

या प्रश्नाला धाकटीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. २०२०च्या जुलैत लष्कराने जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली. तो हुकूम गणवेशातल्या माणसाला होता, बायको लष्करी कायद्याखाली येत नाही. पण घरातला एक माणूस समाजमाध्यमांवरून उठला आणि दुसरा तिथेच कथेचे भाग टाकतो आहे, अशी स्थिती कित्येक घरांत आली असणार. तिथे बायकोला नियम कुणी लेखी देत नाही. तिने तो ओळखायचा, स्वतःच स्वतःवर लावायचा आणि वर लेखकही व्हायचं. संपादकाने कात्री लावली तर निदान भांडता येतं.

काकूंचा कल गप्प राहण्याकडे का, याचं एक कारण त्या बोलण्याच्या ओघात सांगून गेल्या.

काकू : माझं लग्न झालं तेव्हा हा वाशीम जिल्हा नोता, अकोल्यात होतो आपण. मी चौथी. वाचता येते मले, पण लिवाले हात वळत नाई. पत्ता म्हंजे नंबर, नाव, युनिट अन् ५६ ए.पी.ओ. थे कोण्या मुलखात हाय, हे तुह्या काकालेच माहीत. पत्र लिवून द्यायचा मास्तरचा पोरगा, अकरावीतला. त्याच्यासमोर मी काय सांगणार? सासूसंग पटत नाई सांगू? पोटात दुखते सांगू? तो ईचारे, ‘पुढं काय लिवू वहिनी?’ मी म्हणो, लिव बाबा, सगळं ठीक हाय.

धाकटी : वर्षानुवर्षं एवढंच?

काकू : एवढंच. गाय व्याली, पाऊस बरा हाय, पोराले गोवर निघाला पण उतरला. अन् सगळं ठीक हाय.

धाकटी : नव्हतं ना पण ठीक.

काकू : कायले सांगायचं? तिथं रात्रीचा पहारा हाय त्याच्यावर. माझं रडणं वाचून त्याचं ध्यान हाललं तं जीव त्याचा जाईन, अन् दुसऱ्या चौघांचाबी. तू म्हणते खरं लिहायचं. माझ्या खऱ्यापेक्षा त्याचं जागं राहणं मोठं होतं.

धाकटी : मग तुमचं खरं गेलं कुठं?

काकू : जाते कुठं? हाय इथंच. पण त्याचा लेख नाई केला म्या.

ए.पी.ओ. म्हणजे लष्कराचं टपालघर. पश्चिमेकडचं टपाल ५६च्या आणि पूर्वेकडचं ९९च्या पत्त्यावर, म्हणजे पाकिटावर गाव येतच नाही. या लष्करी टपाल सेवेचं प्रशिक्षण केंद्र आपल्या विदर्भातच, कामठीला आहे. लष्करी टपालाच्या थैल्यांतून विदर्भातल्या किती बायकांचं ‘सगळं ठीक’ गेलं असेल, आणि त्यातलं किती जणींनी आपल्या हाताने लिहिलेलं असेल? धाकटी स्वतः लिहिते, मोबाइलवर टंकते, मधे मास्तरचा पोरगा नाही. दोघींच्या मतांतला बराच फरक मला एवढ्यावरून पडलेला दिसतो. काकूंचं म्हणणं मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. जागं राहण्याचा मुद्दा आजच्या व्हिडिओ कॉललाही लागू आहे.

धाकटीने मग एक मोठं नाव काढलं.

धाकटी : सावित्रीबाई खानोलकर ठाऊक आहेत? परमवीर चक्राचं चित्र ज्यांनी काढलं त्या. फौजीचीच बायको. स्वित्झर्लंडमधे जन्मल्या, १९३२ साली विक्रम खानोलकरांशी लग्न केलं आणि पुरत्या मराठी झाल्या. नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत राहिल्या, पण जिथं गेल्या तिथं शिकल्या. पाटण्याला होत्या तेव्हा तिथल्या विद्यापीठात संस्कृत, उपनिषदं. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बदलीनं त्यांचं अडलं नाही.

काकू : नवरा काय होता?

धाकटी : मेजर जनरल.

काकू : मंग! घरी सहायक अशीन, स्वयंपाकी अशीन. बदली झाली तं सामान बांधाले माणसं. अन् नवऱ्याच्या संगं राहाले बंगला. तू नाईकाची बायको. क्वार्टरचा नंबर लागला तं लागला, नाई तं हाय आपलं लाखाळा. आम्ही बबिन्याच्या छावणीत होतो तीन वर्षं, तेव्हा फॅमिली मीटिंग भरे. मेमसाब पुढं बसत, आम्ही मागं. भाषण त्यांचं, टाळ्या आमच्या. तुमच्यातलं कोणी बोला म्हणत, पण बोलाची सोय नोती, हिंदी येई कोणाले?

इथे काकूंचं पारडं जड आहे. सावित्रीबाईंचं काम लहान होत नाही. पदकावर इंद्राचं वज्र असावं, दधीचीने हाडं दिली ती कथा त्यामागे असावी, हे सुचायला भारतीय वाङ्मय आत मुरलेलं लागतं आणि ते त्यांनी कष्टाने मुरवून घेतलं होतं. १९५२ साली विक्रम खानोलकर गेले, त्यानंतर त्या अध्यात्माकडे वळल्या. आयुष्य काही मऊ नव्हतं. तरी दर्जाचा फरक उरतोच. आजही लष्करी घरातल्या बायका लिहितात म्हटलं की इंग्रजीतली नावं आठवतात. परमवीर चक्र मिळवणाऱ्या २१ वीरांवर ‘द ब्रेव्ह’ हे २०१४चं पुस्तक लिहिणाऱ्या रचना बिष्ट-रावत या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी. लष्करातल्या माणसांच्या पत्नींची ‘आवा’ ही संघटना १९६६पासून आहे, तिच्या कार्यक्रमांत कविता वाचल्या जातात, त्याही मुख्यतः हिंदी-इंग्रजी. साताऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जवान देणाऱ्या महाराष्ट्रात जवानाच्या बायकोने मराठीत लिहिलेलं पुस्तक शोधायला निघालो, तर हाताला फार थोडं लागतं. तिच्यावर लिहिलेलं मात्र ढीगभर आहे.

आणि जे तिच्याकडून मागितलं जातं, त्याचा साचा ठरलेला.

धाकटी : २६ जानेवारी आली की फोन, १५ ऑगस्ट आला की फोन. मधल्या काळात मी कोणी नसते. मी सोयाबीनच्या भावावर कथा पाठवली, तर उत्तर आलं, ‘यात सैनिक कुठं आहे?’ सत्काराला बोलावतात तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाई ठरलेलं म्हणतात, पती सीमेवर असताना घरसंसार सांभाळून यांनी लेखणी चालवली. आपल्या जिल्ह्यातल्या नामदेव कांबळ्यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमी मिळालं. त्यांना म्हटलं असेल का कुणी, घरसंसार सांभाळून लिहिली म्हणून?

काकू : तुले मान देतात थे, अन् तुले थेबी टोचते.

धाकटी : मान यांच्या वर्दीचा आहे. कथा वाचलेली नसते.

काकू : वर्दीचा असला तं का झालं? आपल्या घरातलीच हाय ना वर्दी. अन् एक सांगतो तुले. २०१९च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात दोन घरी पेट्या आल्या, पुलवामाच्या हल्ल्यातल्या. एक मलकापूरले, एक लोणारकडं. थे सीआरपीएफचे होते, पण त्या दिवशी कोण फरक करते? माह्या घरचा माणूस तं कवाचा रिटायर होऊन बाजीवर बसला होता, तरी मले जेवण गेलं नाई. त्या बायांनी असा लेख वाचला तं त्याइले कसं वाटीन? त्या म्हणतीन, हिले नवरा घरी आला तं अडचण होते, अन् आमचा येत नाई आता.

यावर धाकटी बराच वेळ बोलली नाही. मला वाटतं, लष्करी घरातून लिहिणाऱ्या बाईची खरी कोंडी ही. वेळेची ओढाताण तर शिक्षिकेलाही आहे, नर्सलाही आहे. तिच्यावर उपाय निघतात, पहाटे उठता येतं, मुलं मोठी होतात. पण या बाईचं प्रत्येक वाक्य तिच्यापेक्षा मोठ्या दुःखाच्या शेजारी नेऊन ठेवलं जातं आणि तिथे ते नेहमीच क्षुद्र दिसतं. कंटाळा आला असं ती लिहू शकत नाही, नवऱ्याचा राग आला असंही नाही. राग आला आणि उद्या काही झालं तर? मग ती आपणहूनच अभिमान लिहिते, कारण ते कुणालाही लागत नाही.

धाकटी : त्यांचं दुःख मोठं आहे, मी कुठं नाही म्हणते. त्यांच्यापुढं मी वाचूनही दाखवणार नाही. पण काकू, त्या बायासुद्धा नवरे होते तेव्हा कधीतरी वैतागल्या असतील. सुटी संपताना त्यांनाही बरं आणि वाईट दोन्ही वाटलं असेल. आता त्यांना ते कुणापाशी बोलायचीही चोरी. मी लिहिलं तर निदान एकीला तरी वाटेल की आपण वाईट नव्हतो.

काकू : हे लिहिलं नाई तू त्यात.

धाकटी : काय?

काकू : हेच, आता बोलली थे. बरं अन् वाईट दोन्ही. तू फकस्त लिखाण बंद पडलं थे रडगाणं लिहिलं. तो जाते त्या दिवशी तू दिवसभर भांडे घासत राह्यते, घासलेले पुन्हा घासते, थे मी पाह्यते वरून. थे नाई त्यात. तिसऱ्या रात्री लिहाले बसली हे हाय, अन् पहिल्या दोन रात्री कुठं गेल्या?

धाकटी : ते लिहिलं तर पुन्हा तेच होईल ना, डोळ्यांतलं पाणी. संपादकाला पाहिजे ते.

काकू : संपादकाले पाहिजे म्हून खरं नाई लिहायचं का?

संपादकाला हवं ते न लिहिण्याच्या हट्टात धाकटीने आपलंच अर्धं सत्य कापून टाकलं होतं, आणि ते चौथी शिकलेल्या बाईने दाखवावं! पुढचा वाद छापावं की नाही यावर राहिलाच नाही. नवऱ्याला आधी दाखवायचं की नाही, यावर गेला.

काकू : पहिल्यांदा त्याले वाचाले दे. तो हो म्हणीन तं छाप.

धाकटी : नाही. त्यांनी ‘हो’ म्हटलं तरी ते परवानगी दिल्यासारखं होईल. ते बंदूक साफ करण्याआधी मला विचारतात का?

काकू : अंक आल्यावर कोणा दुसऱ्याच्या हातून वाचला तं?

धाकटी : तसं नको. मीच देणार. छापून झाल्यावर.

काकू : टपालानं नको पाठवू. तिथं एकटा वाचत बसीन अन् कोणाशी बोलता येणार नाई.

धाकटी : फोनवर वाचून दाखवू?

काकू : रेंज मधातच गेली तं अर्धं ऐकीन. अर्धं लय वाईट.

धाकटी : मग सुटीवर आले की देते.

काकू : आल्याआल्या? सगळी सुटी वाया घालवशीन बापा. पोट्टे काय म्हणतीन?

धाकटी : तर मग परत जाताना. अकोल्याला गाडीत बसवून देताना डब्याच्या पिशवीत अंक टाकते. पुढं दोन दिवसांचा प्रवास आहे, वाचतील निवांत.

काकू : अन् गाडीत त्याचा फोन लागत नाई धड, माहीत हाय ना तुले? दोन दिवस काय म्हणतो कळणार नाई.

धाकटी : माहीत आहे. त्या दोन रात्री मला तसंही लिहिता येत नाही.